पाहुण्यांचं पाणी

सरोजताईंचा दवाखाना आणि माझं औषधांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि ताईंच्या आवाजापुढे ती असून नसल्यासारखी. "अख्खा माणूस घेऊन आलायस की नुसता गुडघा?" असं त्या आत ओरडल्या की माझ्याकडे खोकल्याचं औषध घ्यायला आलेलं गिऱ्हाईक खोकायचं थांबायचं. महाडात त्यांच्याइतकं रागीट माणूस दुसरं नव्हतं. म्हणजे मी होतो, पण माझा राग घरातल्या घरात. त्यांचा अख्ख्या तालुक्याला पुरायचा.

पुण्याला आयुर्वेदाची पदवी घेऊन, लग्न करून त्या इकडे आल्या त्याला वीस वर्षं होत आली होती. चिठ्ठी लिहायच्या ती वाचून माझं डोकं फिरायचं. औषध एक, आणि खाली वीतभर मजकूर: रात्रपाळीवरून आल्यावर आधी जेवायचं, मग झोपायचं, सुनेला दुपारी आडवं होऊ द्यायचं, तंबाखू मेली पाहिजे. यातलं मी काय विकणार? मी तसं म्हटलं की त्या म्हणायच्या, "कमलाकर, आजार पोटात दिसतो म्हणून त्याचं कारण पोटातच असतं असं कोणी सांगितलं? ते चुलीत असेल, कामावर असेल, नवऱ्याच्या हातात असेल. तुमच्या गोळ्या तिथपर्यंत पोचतात का?"

पण म्हणून गोळ्यांशी त्यांचं वैर नव्हतं. एकाने इन्सुलिन सोडून कारल्याचा रस धरला होता. त्याला त्यांनी दवाखान्याबाहेर काढलं, पायरीवरून परत बोलावलं, पलीकडच्या आळीतल्या एमबीबीएस डॉक्टरांकडे स्वतः नेऊन बसवलं आणि सगळ्या वाटभर त्याचा उद्धार केला. ज्याने माणूस बरा होतो ते औषध, मग ते कोणाच्याही पोथीतलं असो, हे त्यांचं सरळ गणित होतं.

दोनतीन खेपांत पेशंटला उतार पडला नाही तर त्या त्याच्या घरी जायच्या. त्यांना गाडी चालवता येत नसे, म्हणून स्कूटर माझी आणि ड्रायव्हरही मीच. घरात शिरल्या की आधी प्यायला पाणी मागायच्या. पाण्याचा तांब्या हातात आला की घर कळतं, असं त्यांचं म्हणणं. वास, रंग, चव, भांडं किती घासलेलं, आणणारीच्या हातावर भाजल्याचे डाग आहेत का, सगळं त्या एका तांब्यात त्या बघायच्या. शिवाय त्यात त्यांची एक खुन्नसही होती. आमच्या आळीतल्या दोनचार बायका "सरोज कोणाच्याही घरी पाणी पिते" म्हणून नाकं मुरडायच्या. ज्या महाडात माणसांना पाण्यासाठी तळ्यावर चालत जावं लागलं, तिथे सत्तर वर्षांनंतरही ही नाकं शिल्लक होती. ताई मुद्दाम त्याच बायकांना गाठून, कोणत्या बौद्धवाडीतलं पाणी जास्त गोड लागलं ते सांगत बसायच्या.

अठ्ठ्याण्णव सालच्या शिमग्यानंतर कापड्याच्या काशीबाई दवाखान्यात आल्या. पोलादपूरच्या पुढे कापडे, आणि त्या गावाच्या खालच्या अंगाला त्यांची वाडी. नवरा रामजी जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा अरविंद रसायनांच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला, बिरवाडीत खोली घेऊन बायकोमुलीसह राहायचा. काशीबाई घरी एकट्या. अंगाने चिवट बाई. वाडीत भाताची लावणी सुरू व्हायची ती त्यांच्या हाताने, बाकीच्या बायका त्यांच्या मागोमाग ओळ धरायच्या.

आता त्यांच्या हातापायांना मुंग्या येत होत्या. तळव्यांची सालटं निघत होती. चालताना पाय भलतीकडेच पडत होता.

"बाय, लावणीला उभी ऱ्हाईन ना मी?" एवढंच त्यांनी विचारलं. दुखतं किती, खर्च किती, काही नाही. बाकीचं सगळं त्यांनी त्या एका प्रश्नात घातलं होतं.

ताईंनी रक्त तपासायला पाठवलं. साखर नाही, दुसरं काही नाही. तीळ, पालेभाज्या, तेलाचं मर्दन आणि भरपूर कोमट पाणी, असं सांगितलं. उतार पडेना. मग एके दिवशी सकाळी, आधी निरोप धाडून, आम्ही कापड्याला गेलो.

घर सारवलेलं, लख्ख. ताईंनी पाणी मागितलं. काशीबाईंनी शेजारच्या तुळसाला हाक मारली आणि तिने तांब्या आणून दिला. इतकं गार आणि गोड पाणी मी त्या उन्हाळ्यात कुठेच प्यालो नव्हतो. ताईंनी दोन पेले रिचवले, चूल बघितली, तांदूळ बघितले, झोपायची जागा बघितली. परत येताना म्हणाल्या, "पाणी उत्तम आहे. एकटेपणाने जेवत नसतील नीट. वात वाढलाय. पाणी आणखी वाढवायला सांगितलंय." मीही मागे वळून होय म्हणालो.

पंधरावीस दिवसांत काशीबाई आणखी खंगल्या, आणि अरविंद चिडला. त्याचं चिडणं मला समजत होतं. आई झिजतेय आणि डॉक्टरबाई तीळ खायला सांगतायत. तो आईला बिरवाडीला घेऊन गेला आणि तिथून आमोदकडे.

या आमोदबद्दल मला शांतपणे लिहिता येणार नाही. महाडचाच मुलगा, चांगल्या घरचा. पुण्यातली नोकरी सोडून, कसलेकसले शनिवार-रविवारचे कोर्स करून आला आणि स्टँडजवळ 'होलिस्टिक हीलिंग सेंटर' अशी पाटी लावून बसला. आत निळा दिवा, मंद बासरी आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'आम्ही संपूर्ण माणसावर उपचार करतो'. आवाज कधी चढायचा नाही त्याचा. आवाज न चढवणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय येतो.

त्याने काशीबाईंचे हात हातात घेतले आणि म्हणाला, "आजी, हात बधिर होतात याचा अर्थ तुम्ही आयुष्यात काहीतरी फार घट्ट धरून ठेवलंय. आणि पाय जड होतात, म्हणजे तुम्हाला पुढे जायची भीती वाटते."

"पुढं कुठं जायचं हाय मला?" काशीबाई म्हणाल्या. "शेतावर."

हे मला अरविंदनेच नंतर सांगितलं, आणि सांगताना तोही हसला नाही. आमोदने डोळे मिटून प्रकाश बघायला शिकवलं, श्वास शिकवले आणि सकाळी उठल्याबरोबर पोटभर पाणी प्यायला सांगितलं. पाणी प्या, हे तर आम्ही सगळेच सांगत होतो. त्यात कोणाचं काय जातं?

आणि काशीबाईंना बरं वाटू लागलं. खोटं कशाला सांगू? महिना-सव्वा महिना त्या बिरवाडीत राहिल्या आणि चालायला लागल्या. आमोदने लगेच महाडात हॉल घेऊन व्याख्यान ठेवलं. ताईंनी मला टेहळणीला धाडलं. काशीबाईंना नवं लुगडं नेसवून स्टेजवर उभं केलं होतं. त्यांनी मूठ वळून दाखवली, टेबलावरची टाचणी उचलून दाखवली. टाळ्या पडल्या. वकील, मास्तर, बँकेतले साहेब, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि ती बाई बुजून अरविंदला शोधत होती. माणसाला असं उभं करून दाखवतात याचीच मला चीड आली.

ताई चिडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. "बऱ्या झाल्या ना, मग झालं," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने दुकानात येऊन म्हणाल्या, "पण बिरवाडीत कशा बऱ्या झाल्या हो?"

लावणी जवळ आली म्हणून काशीबाई मे महिन्यात कापड्याला परतल्या. वाडीतल्या सगळ्यांना त्यांनी मूठ वळून दाखवली म्हणे. पुढच्या काही दिवसांतच त्यांना तांब्या धरवेना, मग उंबरा ओलांडवेना. अरविंद आमोदकडे धावला. आमोद म्हणाला, आईंनी साधना सोडली, मनात पुन्हा जुने विचार यायला लागले. अरविंद तिथून उठला तो ताईंच्या दवाखान्यात आला आणि दारातच उभा राहून रडला.

त्या दिवशी भिंतीपलीकडून मी जो आवाज ऐकला तसा आधी कधी ऐकला नव्हता. "जुने विचार? बिरवाडीत कपडे वाळत घातले तर त्यांना वास लागतो! तिथल्या हवेत बाई बरी होते आणि कापड्याच्या स्वच्छ हवेत मरायला टेकते, हे विचारांनी होतं? त्या घरात काहीतरी आहे. मी त्या घरात बसून आले आणि मला ते दिसलं नाही! कमलाकर, गाडी काढा."

दवाखान्यात माणसं बसली होती ती तशीच सोडून, निरोपबिरोप न धाडता, भर दुपारी आम्ही निघालो. हायवेला कशेडी घाटाकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागलेली, मागे बसून ताई त्या ट्रकवाल्यांवरही ओरडत होत्या.

काशीबाई घरात एकट्याच गोधडीवर पडल्या होत्या. आम्हाला बघून उठायला गेल्या आणि जमलं नाही. ताईंनी सवयीने पाणी मागितलं.

"थांबा बाय, तुळसाला हाक मारते. गो तुळसा!"

तुळसा काही आली नाही. "तिला कशाला त्रास?" ताई म्हणाल्या. "मी घेते." पडवीत कोपऱ्यात निळा प्लॅस्टिकचा ड्रम होता, वर ताट झाकलेलं. पहिल्या वेळी आम्ही गेलो तेव्हाही तो असणार, पण त्यावर गोधड्यांची घडी ठेवलेली मला आठवते. ताईंनी ताट काढलं, पेला बुडवला आणि तोंडाला लावणार तोच काशीबाईंनी फरफटत येऊन त्यांचा पाय धरला.

"ते नको बाय! ते आमचं पानी हाय."

ताई थांबल्या. "आमचं म्हणजे?"

"आमच्या प्यायचं. टँकरचं. वास येतो त्याला. तुमचं पानी तुळसा खालच्या झऱ्यावरनं आनते, लांब हाय. मागच्या टायमाला तुमी येनार म्हनून सकाळीच आनून ठेवलं होतं."

"मग तुम्ही का नाही पीत ते?"

"एवढ्या लांबनं रोज कोन आनंल? पावन्याला आनतात. तुमी महाडच्या मानूस, आमच्या घरी पानी मागता. ते पिऊन तुमी आजारी पडलात तर लोक काय बोलतील? म्हारांचं पानी प्याली म्हनूनच झालं, असं बोलायला कमी नाय करायचे."

ताईंनी पेला नाकाशी नेला. मग त्यांनी ड्रमला खांदा लावला आणि तो आडवा केला. सगळं पाणी पडवीतून अंगणात गेलं. ड्रमच्या कुशीवर कागद खरवडून काढल्याची खूण होती आणि आतल्या बाजूला बुळबुळीत पिवळट कड. अरविंदने तो बिरवाडीच्या भंगारवाल्याकडून आणला होता. आईला पाण्याचं सुख व्हावं म्हणून, झाकणासकट, चांगला जाड बघून, बसच्या टपावर घालून. वाडीत पहिला ड्रम काशीबाईंचाच. त्याचं सगळ्यांना कौतुक, आणि मग एकेकाने आपापल्यासाठी मागवलेले. आता दर दुसऱ्या दारात निळा ड्रम होता, फक्त बाकीचे अजून नवे होते.

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेऊन तुळसा आली. अंगणातला ओघळ बघून तिने मोळी खाली टाकली. "कोनी ओतलं पानी? टँकर कवा येनार ठाव हाय तुमाला?"

"तुळसा, विष आहे ते! सगळ्यांचे ड्रम फोडायला हवेत!"

"फोडा! आन् पानी कशात ठेवू, पदरात? बाय, तुमच्या घरात नळ हाय. तुमाला ओतायला काय जातंय?"

ताईंनी मान वळवून वर गावाकडे बघितलं. वरच्या अंगाला, गावाच्या बाजूला, पाण्याची टाकी दिसत होती. तिथली नळाची लाइन वाडीच्या अलीकडे संपत होती. का, ते विचारलं तर उतार बरोबर नाही म्हणायचे. पाणी उताराने खाली येत नाही, हे मी त्या गावात नव्याने शिकलो.

संध्याकाळी महाडला पोचल्यावर ताई आमच्या आळीत घरोघर शिरल्या. देव्हाऱ्याशेजारी चिंचेने घासून ठेवलेले किंवा दिवाळीच्या अंघोळीपुरते माळ्यावरून उतरणारे तांब्याचे हंडे त्यांनी त्या नाकं मुरडणाऱ्या बायकांच्या हातांतून अक्षरशः ओढून घेतले. "परत कधी देणार?" असं एकीने विचारलं. "परत आले तर तू त्यात अंघोळ करशील का?" ताईंनी विचारलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून हंडे वाडीत गेले आणि काशीबाईंना ताईंनी आपल्या घरी आणून ठेवलं.

मग काशीबाईंना मुंबईला दाखवलं, पण ड्रममध्ये आधी काय होतं, हे कळल्याशिवाय तिथले डॉक्टरही ठाम काही सांगेनात. भंगारवाला म्हणाला, मला काय माहीत. अरविंद ज्या कारखान्यात होता तिथले साहेब गेटवरच म्हणाले, आमच्याकडून असा ड्रम बाहेर जातच नाही. दुसऱ्या कारखान्यानेही तेच सांगितलं. म्हणजे ते शेकडो निळे ड्रम बिरवाडीत झाडाला लागत असावेत. अरविंदने फार विचारपूस केली तेव्हा त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. मज्जातंतूंना इजा झालीय, काही भरून येईल, काही येणार नाही, एवढंच मुंबईहून कळलं.

मग ताई आमोदकडे गेल्या. मी बरोबर होतो, कारण त्या त्याला मारतील अशी मला भीती होती आणि थोडी आशाही होती. बासरी चालूच होती. ताईंनी ती बंद केली.

"भिंतीवर लिहिलंयस, संपूर्ण माणूस! तिचं घर बघितलंस का? ती काय पिते ते बघितलंस? तिचे हात सडत होते आणि तू तिला सांगितलंस की दोष तिच्या मनात आहे!"

आमोदचा चेहरा उतरला. पण आवाज तोच, हळू. "मला खरंच वाईट वाटतंय, ताई. मी नव्हतो गेलो तिच्या घरी." मग तो म्हणाला, "तुम्ही गेला होतात ना?"

त्याने ते टोचायला विचारलं नसावं. पण ताईंना जे लागायचं ते लागलं. त्या पायऱ्या उतरल्या आणि घरापर्यंत चालत गेल्या. मी स्कूटर ढकलत मागे.

जुलैमध्ये लावणी लागली. काशीबाई हट्टाने कापड्याला परतल्या होत्या. आता त्या चालत होत्या, काठी धरून. आम्ही गेलो तेव्हा वाडीतल्या बायका चिखलात वाकल्या होत्या, तुळसा पुढे. काशीबाईही उतरल्या होत्या. त्यांनी रोपांची मूठ घेतली, एक रोप वेगळं काढायला गेल्या आणि अख्खी मूठच चिखलात पडली. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. बोटांना रोप लागतच नव्हतं. थोड्या वेळाने त्या स्वतःच बांधावर येऊन बसल्या. पहिली ओळ तुळसाने धरली.

ताई त्यांच्याशेजारी चिखलातच बसल्या. "काशीबाई, माझं चुकलं. तुमच्या घरी बसून मी चांगलं पाणी प्याले आणि तुम्ही कुठलं पिता ते विचारलं नाही. तेच पाणी जास्त प्या म्हणून सांगितलं. मला माफ करा." या बाईने हे शब्द उभ्या जन्मात कोणाला म्हटले नसतील.

काशीबाई शेताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाय."

"अं?"

"नाय करायची माफ. माफ केलं की मानूस मोकला होतो. तुमी जाल घरी, जिवाचं ओझं उतरलं म्हनाल, आन् परत कशाला याल हिकडं? माजी बोटं काय परत येत नाय. तुमी ऱ्हावा अशाच, मनाला लागलेल्या. वाडीत नळ येऊ दे. तवा ईचारा, बघू."

मला वाटलं ताई आता रडणार. त्यांनी नाक पुसलं, उठल्या, साडीचा चिखल न झटकताच बांधावरून चालू लागल्या.

"कमलाकर, ग्रामपंचायत उघडी असेल का हो?"

"लावणीच्या दिवसांत? कोणी नसेल तिथे."

"मग सरपंचाच्या शेतावर चला," त्या म्हणाल्या. आवाज असा की पलीकडच्या खाचरातल्या बायका वाकल्या होत्या त्या सरळ उभ्या राहिल्या.